माळव्यातला जुना गवताळ माळ राखायचा आहे: काय करावं, काय टाळावं?

टेकाडवाला, इंदूर

नमस्कार मंडळी. बेटम्याच्या पुढे, धार रस्त्यापासून जरा आत १२ बीघे माळ आहे, म्हणजे साधारण ३ हेक्टर. वरचा दोन तृतीयांश भाग मुरमाड टेकाड, खालचा काळ्या मातीचा. नांगर कधी लागलेला नाही. पाऊस पडला की गावची गुरं आणि शेळ्या दिवाळीपर्यंत इथेच चरतात. गवतांपैकी फक्त कुसळी ओळखू येते. खालच्या बांधाला गाजरगवत माजलंय, नाल्याकाठी घाणेरीची जाळी आहे आणि सुबाभळीची १५-२० झाडं. जमीन सामाईक आहे. शेत करायचं नाही, प्लॉट पाडायचे नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. माळ माळच राहावा आणि त्यातली पाखरं, फुलपाखरं, खोकड टिकावीत एवढीच इच्छा.

आतापर्यंत तीन सल्ले मिळाले. एक, जेसीबीने आडवे चर काढून हजार झाडं लावा, खर्च द्यायला एखादी कंपनी मिळेल. दोन, एकदा नांगरून दीनानाथ गवताचं आणि स्टायलोचं (चाऱ्याचं द्विदल) बी टाका. तीन, चारी बाजूंनी जाळी मारा आणि दहा वर्षं आत पाय ठेवू नका. यातलं कोणतं बरोबर? या पावसात नेमकं काय करायचं? शिवाय लागूनच गावाची चरनोई, म्हणजे सामाईक चराईची जमीन आहे, १५-एक बीघे. तिच्यासाठी काही करता येतं का?

पवन्या

तिन्ही नको. आणि आधी जेसीबी थांबवा, बाकीचं सावकाश बोलू.

नांगर न लागलेल्या माळाची पुंजी जमिनीखाली असते. पवन्या, मारवेल, कुसळी ही बहुवर्षायू गवतं. वरचं पान दरवर्षी वाळतं, पण ठोंब आणि मुळं वर्षानुवर्षं तीच राहतात. त्यांच्या मधल्या जागेत काळी मुसळी, सफेद मुसळी, हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किडं असतात. यांचे कंद आठ-नऊ महिने जमिनीत झोपलेले असतात, पावसात तीन-चार महिने वर येतात. चर खणला की ठोंब उपटतात, कंद उलटेपालटे होतात आणि खालचा मुरूम वर येतो. त्या उघड्या मातीवर पहिल्याच पावसात गाजरगवत आणि टाकळा उगवतात, कारण मोकळी माती हीच त्यांची जागा. एकदा मोडलेलं हे गवत बी टाकून पूर्वीसारखं होत नाही. अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीचं हेच झालं. नांगराखाली जाऊन ती ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे, आणि पुन्हा बी पेरून उभे केलेले तुकडे कितीतरी वर्षांनंतरही न मोडलेल्या प्रेअरीइतके समृद्ध होत नाहीत. हे नातं लांबचं नाही. तिथलं बिग ब्लूस्टेम आणि आपला पवन्या, मारवेल, कुसळी एकाच गणातली गवतं आहेत.

झाडांविषयी. माळव्यात ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस होतो. एवढ्या पावसात झाड जगतं, म्हणून माळ म्हणजे तोडलेलं जंगल असा समज होतो. सरकारी नकाशांतही असे माळ बऱ्याचदा पडीक जमीन म्हणूनच दाखवलेले असतात. आपल्या शहराला झाडं लावण्याचा उत्साह आहे. १४ जुलै २०२४ ला इंदुरात एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली. तो उत्साह रस्त्याकडेला, वस्तीत, बांधावर हवाच. पण ही गवतं भर उन्हाची आहेत. सावली दाट झाली की आधी पवन्या विरळ होतो, मग मारवेल. बोर, पळस, खैर, हिंगणबेट यांची जी झाडं आधीपासून आहेत ती राहू द्या, नवीन एकही लावू नका.

आता या पावसातलं पहिलं काम म्हणजे मोजणी. काठ्यांची १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा. टेकाडावरून खालपर्यंत सरळ चालत दर २५ पावलांवर चौकट टाका, अशा २० जागा घ्या. प्रत्येक चौकटीत बहुवर्षायू ठोंब किती, मोकळी माती किती, तण किती, एवढंच लिहा. जागा निवडून चौकट टाकू नका, जिथे पडेल तिथे. सरासरी ३-४ ठोंब निघाले तर काहीही पेरायची गरज नाही, फक्त विसावा द्या. हा माझा ठोकताळा आहे, पण माळव्यातल्या हलक्या जमिनीला तो लागू पडतो.

ओळख सप्टेंबरअखेर, तुरे आल्यावर सोपी जाते. मारवेलच्या काडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोटाने चाचपलं तरी कळतं. तुरा हाताच्या पंजासारखा, जांभळट छटेचा. हे काळ्या मातीत सापडेल. पवन्याच्या काडीला एकच फिकट, मऊ तुरा येतो, तो मुरमावर पाहा. कुसळीलाही एकच तुरा, पण तिची गडद तपकिरी कुसळं वर एकमेकांत पीळ घालून दोरीसारखी होतात. एक पिकलेलं बी ओल्या तळहातावर ठेवा. कुसळ उलगडताना गोल फिरू लागतं आणि बियाचं टोक कातडीत रुतायला बघतं. मातीत ते असंच स्वतःला पेरून घेतं, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात रुततं तेही असंच. कुसाला तीन फाटे असलेलं बुटकं गवत दिसलं तर ती ॲरिस्टिडा.

हा क्रम लक्षात ठेवा. चराई वाढत गेली की आधी पवन्या आणि मारवेल मागे हटतात, कुसळी पुढे येते. आणखी चराई झाली की कुसळीही जाते आणि ॲरिस्टिडा आणि उन्हाळी, टाकळा ही तणं उरतात. तुमच्याकडे कुसळी भरपूर असेल तर माळ उतरणीच्या मधल्या पायरीवर आहे. इथून तो फक्त विश्रांतीनेही परत चढतो.

दीनानाथ आणि स्टायलो चाऱ्यासाठी चांगली, पण शेताच्या बांधावर. जुन्या माळात त्यांना जागा देऊ नका. दीनानाथ वर्षायू आहे, भरभर वाढून ठोंबांवर सावली धरतं आणि ढीगभर बी टाकतं. स्टायलो मूळची अमेरिका खंडातली. द्विदल हवं असेल तर ॲलिसिकार्पस, रानकुळीथ, रानातली नीळ आपल्या माळांवर आपसूक असतातच, चराई थांबली की दिसू लागतात. आणि युरिया चुकूनही नको. नत्र वाढलं की तण आधी फोफावतं.

भोवत्या

पवन्यांशी सहमत. पाखरांच्या बाजूने थोडी भर घालतो.

धारच्या दिशेचा माळ आहे म्हटल्यावर खरमोर मनात ठेवूनच काम करा. महाराष्ट्रात याला तणमोर म्हणतात. जगभरातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर आहे आणि पावसाळ्यात वीण करायला अजूनही आपल्या भागात येतो. रतलाम जिल्ह्यातलं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही दोन्ही अभयारण्यं १९८३ साली त्याच्यासाठीच झाली. सैलाना जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं. सरदारपूर घोषित झालं तेव्हा ३४८ चौरस किलोमीटरचं होतं, पण त्यात गावं आणि शेतंच जास्त. त्यामुळे बाहेरच्या खासगी माळांना फार किंमत आहे, तीन हेक्टरचा तुकडासुद्धा वाया जात नाही.

जुलै ते सप्टेंबर नर गवतातून सरळ वर, माणसाच्या उंचीइतकी उडी मारतो आणि बेडकाच्या डरकण्यासारखा आवाज करतो. दिवसात अशा शेकडो उड्या असतात. पहाटे आणि संध्याकाळी बघायचं, तेही बांधावरून, २०० मीटर लांबून. गवतात शिरू नका. मादी जमिनीवरच अंडी घालते आणि माणूस चालत गेला की कुत्री त्याच पायवाटेने जातात. दिसलाच तर वन विभागाला कळवा, पण नेमकी जागा फोटोसकट ग्रुपवर टाकू नका. गाड्या येतात आणि पाखरू जातं.

चंडोल, तिरचिमण्या, लावे, माळटिटवी ही सगळी जमिनीवर घरटी करणारी. टिटवीला उघडं, बुटकं गवत लागतं, लाव्याला गुडघ्याएवढं, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांना रात्री झोपायला कमरेएवढं वाळलेलं गवत लागतं. भोवत्या झाडावर झोपत नाही, गवतातच जमिनीवर बसतो. म्हणून सगळा माळ एकाच उंचीचा करू नका. टेकाडाचा माथा आपोआप बुटका राहतो. खालच्या काळ्या मातीतला निदान पाऊण हेक्टरचा एक सलग तुकडा मार्चअखेरपर्यंत अजिबात कापू नका. पुढच्या वर्षी तो तुकडा बदला.

जाळीचं कुंपण मारू नका. ससा, खोकड अडतात, उडी मारणाऱ्या पाखरालाही ती दिसत नाही. गुरांसाठी थोराची वई किंवा दगडी पाळ पुरते. तार घालायचीच तर खालची तार जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर ठेवा. सर्वांत मोठा धोका मात्र मोकाट कुत्र्यांचा आहे. आसपास मेलेली जनावरं किंवा हॉटेलचं खरकटं टाकत असतील तर ते आधी बंद करवा, नाहीतर बाकी सगळी मेहनत घरट्यांच्या उपयोगी येणार नाही.

आणि शेजारी सोयाबीन असेल तर त्या शेतकऱ्याशी बोला. खरमोर आणि त्याची पिल्लं नाकतोडे, भुंगेरे खातात. माळाला लागून १० मीटरची पट्टी फवारणीशिवाय राहिली तरी फरक पडतो.

चारावाले, धार

कापणीच्या बाबतीत एक अडचण मांडतो. इथे सगळे गवत उशिरा कापा म्हणतील, पण चाऱ्याचा कस आणि उत्पन्न दोन्ही साधायचं तर कापणी फुलोऱ्याच्या वेळी हवी. बी पडून गेल्यावर उरतं ते पेंढ्यासारखं. गावाला अर्धवट वाळलेल्या काड्याच मिळणार असतील तर गाव कुंपण पाळणार नाही आणि जानेवारीत कोणीतरी काडी लावेल. दहा वर्षं पाय न ठेवण्याचा सल्ला तर मुळातच चुकीचा. तीन-चार वर्षं न कापलेल्या, न चरलेल्या गवताचा मेलेला थर इतका जाड होतो की खालून नवीन फुटवा येत नाही, आणि त्या थराला आग लागली की ती ठोंबाच्या गाभ्यापर्यंत जाते.

माझ्या मते माळाचे चार भाग करा. एक भाग सप्टेंबरच्या शेवटी फुलोऱ्यात कापा, पण त्याआधी दोन माणसांनी दोन्ही टोकांना दोर धरून तो गवतावरून हळू ओढत न्यावा. घरट्यावर मादी असेल तर उडते, तेवढी जागा १० मीटरच्या गोलात सोडून द्या. दोन भाग दिवाळीच्या सुमारास, बी झडल्यावर. चौथा न कापता. दरवर्षी भाग एकेक सरकवत जा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला चार वर्षांत तीनदा बी टाकायला मिळतं.

विळा जमिनीला घासून चालवू देऊ नका, मजुरांना हे पहिल्या दिवशी दाखवा. १० ते १२ सेंटिमीटर खुंट राहिला पाहिजे. फुटव्याचे डोळे खालच्या पेरांत असतात, घासून कापलं की पुढच्या पावसात ठोंब अर्धा होतो. पूर्ण उघड्या पडलेल्या माळांमागे चराईइतकंच हे कारणही असतं.

चराई जुलै ते ऑक्टोबर पूर्ण बंद. नोव्हेंबरमध्ये बी पडल्यावर हेक्टरी एक मोठं जनावर या हिशोबाने फेब्रुवारीपर्यंत चालेल. गाई-बैलांच्या खुरांनी बी मातीत दाबलंही जातं. शेळ्या मात्र पहिली तीन वर्षं नको.

भोवत्या

दोर ओढण्याची पद्धत चांगली आहे, पण खरमोरचा आवाज त्या पावसाळ्यात एकदा जरी ऐकू आला असेल तर सप्टेंबरची कापणी त्या वर्षी सोडून द्या. उशिरा घातलेल्या अंड्यांतली पिल्लं तेव्हा गवतातच असतात आणि ती उडत नाहीत, दबून बसतात. दोराने ती कळणार नाहीत.

चारावाले, धार

हे मान्य. तसं झालं तर तो भाग दिवाळीनंतर कापा आणि गावाला त्या वर्षी जास्तीचे दोन भारे द्या.

टेकाडवाला, इंदूर

खूप आभार. दोन शंका. खालच्या बांधाकडे साधारण अर्धा बीघा जागा खरोखरच उघडी आहे, तिथे ठोंब एकही नाही. तिथे काय पेरायचं? आणि घाणेरी, गाजरगवत, सुबाभूळ कोणत्या क्रमाने काढायची? माळ एकदा जाळला की साफ होतो असं एकजण म्हणाला.

पवन्या

आधी जाळण्याचं. प्रेअरीत वसंतात ठरवून आग लावतात, त्यामागे तिथली थंडी, तिथला ओलावा आणि झुडपांचं आक्रमण ही कारणं आहेत. ती रीत इथे उचलून आणू नका. आपल्याकडे दरवर्षी जळणाऱ्या माळावर कुसळी वाढते आणि पवन्या घटतो, शिवाय घाणेरी मुळापासून पुन्हा जोमाने फुटते. उलट आगीपासून राखण करा. डिसेंबरमध्ये चारही कडांना ५ मीटरची पट्टी कापून गवत गोळा करून बाहेर न्या. पट्टी नांगरून काढू नका, तिथेच गाजरगवत बसेल.

तणात पहिला नंबर गाजरगवताचा, कारण त्याला थांबायला वेळ नाही. एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं. पाऊस पडून माती ओली झाली की, फुलाआधी, मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच, याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. फूल आलेलं उपटलं तर तिथे टाकू नका, गोणीत भरून बाहेर काढा. महिन्याने दुसरी फेरी, सप्टेंबरात तिसरी. पानं खाणारा झायगोग्रामा भुंगेरा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडला गेला आणि आता देशभर पसरलाय. तुमच्याकडे दिसला तर त्या पट्ट्यातलं गाजरगवत उपटायची घाई करू नका, त्याला खाऊ द्या. जबलपूरचं खरपतवार अनुसंधान निदेशालय हे भुंगेरे देतंही.

घाणेरी कापू नका. कापली की दुप्पट फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी रूढ केलेली पद्धत वापरा. खोडाला लागून कुदळ मारून मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं, कारण फुटणारे डोळे त्याच्या वरच्याच भागात असतात. मग झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे ते परत धरत नाही. यात माती जवळजवळ हलत नाही, म्हणून माळाला हीच पद्धत योग्य. फळं धरायच्या आत करा. पुढची दोन-तीन वर्षं ज्या झाडांखाली पाखरं बसतात तिथे रोपं शोधून उपटत राहा.

सुबाभळीची रोपं ओल्या मातीत हाताने निघतात. मोठी झाडं शेंगा पिकायच्या आत तोडा आणि खुंटाचे फुटवे दर महिन्याला खुडा. दोन पावसाळे हे न चुकता करावं लागतं. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून तोडलेल्या जागी दरवर्षी जुलैत एक फेरी ठेवा.

उघड्या अर्ध्या बीघ्यासाठी ठोंब लावणं हा खात्रीचा मार्ग. ५० बाय ५० सेंटिमीटरवर हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात, तुमच्या जागेला सुमारे ५,०००. काळ्या मातीत मारवेल लावा. तुमच्याच माळातल्या दाट जागेतून दर चौथा ठोंब खणा, त्याचे २-३ फुटव्यांचे तुकडे करा, वरचं पान १५ सेंटिमीटरवर कापा आणि जुलैत संततधार लागल्यावर त्याच दिवशी लावा. उन्हात एक दुपार पडून राहिलेला ठोंब जगत नाही. बाहेरून आणायचाच तर त्याच तालुक्यातून, तशाच मातीतून.

बी वापरायचं असेल तर ते यंदाच्या ऑक्टोबरात गोळा करून पुढच्या जूनमध्ये. पवन्या आणि कुसळीचं ताजं बी झोपेत असतं, त्याच वर्षी पेरलं तर उगवत नाही, आणि लोक समजतात बी खराब. तुरे एकदम पिकत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन फेऱ्यांत मुठीने ओरबाडून घ्या. दर वेळी एक चतुर्थांशाहून जास्त नको. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. मे महिन्यात १०० दाणे ओल्या फडक्यात पंधरा दिवस ठेवून उगवण मोजा.

हेक्टरी ५ किलो बी पुरतं. नुसतं फेकलं तर वाऱ्याने उडतं आणि मुंग्या नेतात. ३ भाग चाळलेली पिवळी माती, १ भाग वाळू, १ भाग शेण घेऊन हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा, एका गोळीत २-३ दाणे. नुसत्या काळ्या मातीची गोळी वाळून दगड होते आणि अंकुर आत अडकतो. गोळ्या वरच टाका, पुरू नका. एक सेंटिमीटरहून खोल गेलेलं बी वर येत नाही, पेरणी फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. पहिल्या वर्षी तण गवताच्या वर जाईल, तेव्हा ते २० सेंटिमीटरवर छाटा. उपटायला गेलात तर कोवळी रोपंही निघतील.

खसरावाला

चरनोईबद्दल. आधी पटवाऱ्याकडून खसरा (जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि नकाशाची नक्कल काढा आणि तिथे "चरनोई" असंच लिहिलंय का ते बघा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३७ खाली कलेक्टर अशी जमीन चराई आणि निस्तारासाठी (जळण, चारा अशा गावाच्या रोजच्या गरजांसाठी) राखून ठेवतो. गावाचा तिच्यावरचा हक्क निस्तार पत्रकात असतो, त्याचीही नक्कल घ्या. अतिक्रमण असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह निकालाचा उल्लेख करा. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असा आदेश त्यात राज्यांना आहे.

दुसरं, जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवहीही. तुमच्या मोजणीतली गवतं, कंद, पाखरं तिच्यात स्थानिक नावांनी चढवा. उद्या कोणी तिथे चर खणायला किंवा रोपं लावायला आलं, तर "इथे काहीच नाही" असं म्हणता येऊ नये म्हणून हा कागद लागतो.

ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव मांडताना पूर्ण १५ बीघे मागू नका. ५ मागा, जुलै ते ऑक्टोबर, आणि कापलेल्या गवताची वाटणी कशी होणार हे त्याच ठरावात लिहा. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही आणि शेळ्या आहेत, त्यांना आधी भेटा. चार महिने त्यांची जनावरं कुठे चरतील हे ठरल्याशिवाय ठराव मांडू नका. सैलान्याकडे वन विभागाने खरमोर दाखवणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस द्यायची योजना चालवली होती. तुमच्या गावात तसं काही होईल का, हे धारच्या वनमंडळ कार्यालयात विचारून ठेवा.

टेकाडवाला, इंदूर

समजलं. जेसीबीवाल्याला नाही कळवलं आहे. या रविवारी चौकटी टाकतो, गाजरगवताची पहिली फेरी पुढच्या आठवड्यात. मोजणीचे २० आकडे आणि सप्टेंबरात तुऱ्यांचे फोटो इथेच टाकीन, ओळख पटवून द्या.

पवन्या

फोटोत तुऱ्याबरोबर काडीचं एक पेर आणि ठोंबाचा तळही येऊ द्या, नुसत्या तुऱ्यावरून चूक होते. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि चौकटीच्या २० जागांवर दगडाला चुना लावून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागा मोजायच्या आहेत.